रविवारची सरकारी प्रार्थना

सर्व संबंधितांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, भंडारा जिल्ह्याचा कारभार काही वर्षं खुद्द परमेश्वराच्या देखरेखीखाली चालत होता. ही गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांना माहीत नव्हती, मुंबईला माहीत नव्हती, दिल्लीला तर नव्हतीच. मला माहीत आहे, कारण त्या देखरेखीत राष्ट्रपतींपासून सुरुवात होऊन सगळ्यांत शेवटी, विजेच्या लाइनमननंतर, माझा नंबर लागायचा. लाइनमनच्या आधी माझं नाव घ्यावं म्हणून मी एकदा तक्रारही करून पाहिली होती. "दिवा त्याच्या हातात आहे. तुह्या हातात काय आहे?" असं उत्तर मिळालं आणि प्रकरण निकालात निघालं.

मी ग्रामसेवक होतो. आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी पवनी तालुक्यातल्या एका गावी माझी नेमणूक झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं हयात आहेत आणि त्यांच्या आठवणी माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. अड्याळच्या बाजारापासून सायकलीनं तासाभराचा रस्ता, पावसाळ्यात किती तासांचा ते पावसानं ठरवायचं. एक मोठा तलाव, त्याच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, धानाची एक मिल, एक शाळा, आणि तलावाच्या पारीजवळ, बांधाच्या पायथ्याशी, कवेलूच्या छपराचं छोटं चर्च. कोणा जुन्या गोऱ्या साहेबानं ते बांधलं आणि मग बहुधा विसरून गेला. ख्रिस्ती घरं मोजकीच. मी खोली शोधत फिरत होतो, तेव्हा पानठेल्यावाला म्हणाला, "पाद्रीबाबाकडे आहे न एक खोली. पन तुमी सरकारी मानूस आहा, पाहून घ्या जी."

मला वाटलं, बाबा बाटवतात की काय. तसलं काही नव्हतं. धोका वेगळाच होता.

बाबा उंच, वाळलेले, आणि हिवाळा असो की वैशाख, काळ्या कोटात. कोट इतका जुना की उन्हात तो हिरवा दिसायचा. मी गेलो तेव्हा ते छपरीतल्या खाटेवर शिंगाडे सोलत बसले होते.

"कोन्त्या खात्यात?"

"ग्रामपंचायत. ग्रामसेवक."

हातातला शिंगाडा टोपलीत टाकून ते उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि अदबीनं म्हणाले, "तुमच्यासाठी कोन्ती प्रार्थना करू?"

मी तेव्हा वयानं बावीस आणि अकलेनं त्याहून कमी. म्हटलं, "खोलीचं भाडं कमी व्हावं अशी करा."

"ते देवाच्या हातात नाही, माह्या हातात आहे," असं म्हणून ते परत शिंगाडे सोलायला बसले. "अन् मी करत नाही. दुसरी सांगा."

आता ही भानगड काय, ते सांगतो. ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असते. शास्त्राचा तसा हुकूमच आहे. बाकी ठिकाणी तो एका वाक्यात उरकतात. राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे, आमेन, पुढे चला. आमच्या बाबांना हे पसंत नव्हतं. "सुबुद्धी दे म्हंजे काय?" ते म्हणत. "देव विचारीन न, कोनाले? कायच्यासाठी? मोघम अर्ज तहसीलदार बी घेत नाही, तं देव काहून घेईन?" म्हणून ते प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव घेत, त्याचं काम सांगत आणि ते कुठं अडलंय तेही सांगत. त्यासाठी लागणारा मालमसाला आठवडाभर गोळा करत. तालुक्यात नवा साहेब आला की कोट घालून सायकलीनं निघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: तुमच्यासाठी कोन्ती प्रार्थना करू? एका तहसीलदारानं हे ऐकून घाईघाईनं चहा मागवला आणि बाबांना वाटेला लावलं. पुढच्या रविवारी त्या चहाबद्दलही देवाचे आभार मानले गेले, आणि साहेब प्रश्नाचं उत्तर द्यायचे राहिले आहेत, हेही कळवलं गेलं.

खुर्चीला त्यांच्याइतका मान देणारा माणूस मी पाहिला नाही. सरकारी जीप रस्त्यानं गेली की उठून उभे राहायचे, आत नुसता ड्रायव्हर असला तरी. मी नसताना पंचायतीच्या कार्यालयात आले तर माझ्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायचे. मी खुर्चीत असलो की मात्र नमस्कार नाही.

"असं काहून?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"रिकामी असते तवा ती देवाची असते," बाबा म्हणाले. "तुमी बसले की नमस्कार सरला. मंग इचारपूस."

घरी मी 'तू' होतो. कार्यालयाचा उंबरठा ओलांडला की 'तुमी' आणि 'ग्रामसेवकसाहेब'. सकाळी "तुह्यानं साधी खिचडी होत नाही बे" म्हणणारा माणूस तासाभरानं माझ्यासमोर हात बांधून उभा असायचा आणि विहिरीच्या रहाटाचं काय झालं, ते विचारायचा. मला खिचडीचा अपमान परवडायचा.

प्रार्थनेत भाषेचीही वाटणी होती. दिल्ली आणि मुंबईसाठी शुद्ध, पुस्तकी मराठी. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" वगैरे. गाडी तालुक्याला पोचली की मात्र सरळ आमच्या मुलखाची, झाडीची बोली. याचं कारण मी विचारलं होतं.

"दिल्लीवाले ऐकत नाही. तिथी देवाशी एकट्याशी बोलाचं असते, म्हनून त्याच्या भाषेत बोलतो. इथचे खिडकीपाशी उभे असतात."

हे अगदी खरं होतं. चर्चच्या खिडकीबाहेर कडुनिंब होता. रविवारी सकाळी त्याच्या सावलीला अर्धं गाव जमायचं. शेतकरी, बौद्ध वस्तीतली माणसं, मिलचे हमाल. सरकारी प्रार्थना संपली की प्रवचनाआधीच पांगायचे. पेपर एक दिवस शिळा यायचा आणि त्यात आमच्या गावाचं काही नसायचं. ही बातमी ताजी आणि घरची. त्या गर्दीत सगळ्यांत नियमित सरपंच. दसारामजी. धिप्पाड गडी, मिशा राखलेल्या, आवाज असा की तलावाच्या या पारीवरून हाक मारली तर त्या पारीवरचा माणूस वळून बघे. दसारामजी दर रविवारी बरोबर त्याच वेळी बैल पाण्यावर आणायचे आणि खिडकीजवळ त्यांच्या चपलेत काहीतरी टोचायचं. ते चप्पल झटकत उभे राहायचे, बैल बिचारा तहान नसताना ताटकळायचा.

मी आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हे ऐकलं:

"हे प्रभो, आमच्या दसारामजीले तू सरपंच केला. शाळेच्या छपरासाठी त्याले कवेलू आनाचे होते. ते आले. तुहे उपकार. पन ते छपरावर नाही चढले. कुठी आहेत ते तुले दिसते, आमाले बी दिसते. त्याले चढवाची बुद्धी दे."

"आमेन," असं आतून आलं. बाहेरून कोणीतरी खाकरलं. दोन-तीन दिवसांत दसारामजींच्या गोठ्यामागचे कवेलू शाळेवर चढले.

"माही बायको मले म्हनते," दसारामजी मला कार्यालयात म्हणाले, "तुमची तक्रार कलेक्टरले गेली असती तं बरं झालं असतं. कलेक्टरची बदली तं होते."

शाळेत एक गुरुजी होते, बौद्ध, वाचनाचे शौकीन, कायद्याचे पक्के. संध्याकाळी ते छपरीत येऊन बाबांशी भांडायचे. त्या दोघांना भांडणाशिवाय चहा गोड लागत नसे.

"सरकार देवानं नाही बसवलं, पाद्रीबाबा. लोकांनी बसवलं. काही पायजे असन तं अर्ज करा."

"तुमी करता न अर्ज. पोच येते का, गुरुजी?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "नाही येत."

"मले बी नाही येत," बाबा म्हणाले. "पन मी पुढच्या रविवारी परत देतो."

आणीबाणीत दिल्लीची प्रार्थना लांबली. तालुक्यातले एक वकील तुरुंगात होते. बाबांनी एका रविवारी त्यांच्यासाठी आणि त्यांना तुरुंगात टाकणाऱ्यांसाठी मिळून एकच मागणं मागितलं. शब्द माझ्या लक्षात आहेत. "हे पित्या, जो आत आहे त्याला झोप येत नाही. ज्यांनी त्याला आत ठेवले आहे त्यांनाही ती येत नसावी. दोघांनाही शांत निद्रा दे, आणि तिच्यासाठी जे दार उघडावे लागेल ते उघड."

हे ठाण्यावर पोचलं. पुढच्या रविवारी मागच्या बाकावर एक हवालदार येऊन बसला, हातात पेन्सिल. भला माणूस होता. प्रार्थना दिल्लीवर आली तसा तो अर्धवट उठून म्हणाला, "बाबा, थोडं हळू सांगा जी, लिहून घ्याचं आहे." बाबांनी वेग कमी केला. शब्दाशब्दाला थांबून राष्ट्रपती, मग पंतप्रधान, मग सगळं मंत्रिमंडळ. उपासना इतकी लांबली की आमचा भात चुलीवर करपला. असे काही रविवार गेले. मग बाबांच्या लक्षात आलं की मागच्या बाकावर सरकार बसलेलं आहे आणि आपण त्याला वगळतोय. तालुक्याची पाळी आली तेव्हा त्यांनी हवालदाराचं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, मोठ्या आवाजात घेतलं.

हवालदार ताडकन उठला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "हजर, सायेब."

मंडळींना आमेन म्हणावं की नाही, कळेना. बाबा मात्र डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "प्रभो, तो हजर आहे. त्याचा गुडघा दुखते. एवढ्या दूर सायकल हाणून राहिला, त्याले आराम दे." त्यानंतर त्यानं पेन्सिल काही आणली नाही. गुडघ्यासाठी मात्र येत राहिला.

त्याच काळात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी माणसं आणायचा कोटा मला लावून दिला होता. न आणली तर नोकरीवर गदा. मी कोणाला बोललो नव्हतो, पण माझं जेवण कमी झालेलं घरमालकाला दिसलं. त्या रविवारी लाइनमननंतर माझी पाळी आली. "प्रभो, आमच्या ग्रामसेवकाले वरून मानसं पकडून आनाचा हुकूम आहे. त्याले मानसं देऊ नको. पन त्याची नोकरी राख. कसं जमवाचं ते तू पाह्य." मी बाहेर कडुनिंबाला टेकून उभा होतो. दसारामजी माझ्याकडे बघत होते, बैलही. पुढे तो हुकूम काढणाऱ्या साहेबांचीच बदली झाली. हे कोणाचं काम, ते मी आजतागायत कोणाला विचारलं नाही.

बदली झाली की बाबा नाव सोडून देत. हा त्यांचा नियम, आणि तो भलता कडक होता. खुर्ची गेली की पुढच्या रविवारी नाव गेलं. एक तहसीलदार निवृत्त होऊन पवनीलाच राहिले. कधीकाळी बाबांना चहा पाजून कटवणारे हेच ते. त्यांनी निरोप पाठवला की आमचं नाव अजून घेता ना. बाबांनी उलट निरोप दिला, "ओझं उतरलं, आता आराम करा." आणि तसाच नियम दुसऱ्या टोकालाही: खुर्चीवर बसायच्या आधी कोणाचं नाव नाही. निवडणुकीत उभा राहिलेला माणूस त्यांच्या प्रार्थनेत नसे, कितीही मोठा असो.

आता बाबांची एक सवय सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांची बायको मी येण्यापूर्वी काही वर्षं वारली होती. ख्रिस्ती मंडळींचं कब्रस्तान तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. मातीचे उंचवटे, लाकडी क्रूस, एक मोहाचं झाड. जागा कोणाच्या नावावर नव्हती, वापरात होती एवढंच. रोज संध्याकाळी बाबा तिथं एक स्टूल घेऊन जायचे आणि बायकोला पेपर वाचून दाखवायचे. आदल्या दिवशीचा. "तिले घाई नाही," ते म्हणत. बाईंना राजकारणाची फार आवड होती म्हणे. बाबा मथळे वाचत, मध्येच थांबत, मान हलवत, आणि कधी कधी "तू म्हनत होती तसंच झालं" असं म्हणून पान उलटत. गावाला याचं काही वाटत नसे. गुराखी गुरं थोडी वळसा घालून नेत.

आणि दर रविवारी, अगदी न चुकता, दसारामजींच्या नावापुढे एक मागणं असायचंच: गावात बस येऊ दे.

तर एकदाची बस मंजूर झाली. दसारामजींनी त्यासाठी भंडाऱ्याला किती चकरा मारल्या ते मी पाहिलं आहे. पण वरून अट आली: गाडी वळवायला सपाट, कोरडी आणि रस्त्याला लागून जागा दाखवा. आमचं गाव म्हणजे चारही बाजूंनी धानाच्या बांध्या. पाहिजे तशी जागा दोनच. रस्त्याच्या एका बाजूला कब्रस्तान. त्याच्या बरोबर समोर दसारामजी आणि त्यांच्या भावांचं सामाईक खळं, धान मळायचं. साहेब बघायला आले तेव्हा दसारामजींनी हात केला तो कब्रस्तानाकडे. खळ्याकडे त्यांची पाठ होती. निवडणूक महिन्यावर आली होती आणि त्याआधी गाडी सुरू व्हायला पाहिजे होती.

सिस्टरबाई संध्याकाळीच छपरीत आल्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, चर्चच्या वडीलधाऱ्या. गावातली निम्मी प्रजा त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे त्या सगळ्यांशी त्याच सुरात बोलत.

"घ्या. दर रविवारी बस, बस. आली न आता?"

"आली," बाबा म्हणाले. "वळाची जागा मांगाची राहून गेली."

"मालकिनीले कुठी न्याल?"

टोपलीतले शिंगाडे संपले होते, तरी बाबांचा हात टोपलीत फिरत होता.

"वर जा. आमदाराले भेटा. आडवे पडा रस्त्यात, मी बी पडतो तुमच्यासंगं."

"जागा सरकारची आहे, सिस्टर. सरकारले उठून उभं राहाचं शिकवलं मी तुमाले सगळ्याले. आता माही बायको तिथी आहे म्हनून बसून राहू?"

"उभे राहा नं. पन काही बोलान का नाही?"

"बोलतो नं रविवारी," बाबा म्हणाले.

दोन दिवसांनी मिलवाले शेठ स्कूटरवर आले. धानाच्या मिलचे मालक. त्या काळी सरपंच थेट निवडून येत नसे. आधी आपल्या वॉर्डातून पंच व्हायचं, मग पंचांनी सरपंच निवडायचा. शेठ उभे होते ते ख्रिस्ती घरांच्या वॉर्डातून, आणि ती घरं जिकडे झुकतील तिकडे वॉर्ड. ते माझ्या खाटेवर बसले आणि पाय पसरले.

"बाबा, सरळ बोलतो. येत्या रविवारी प्रार्थनेत माहं नाव घ्या. मंग कब्रस्तानाले कोनाचा हात लागनार नाही. वरून चारी बाजूनं भिंत बांधून देतो."

"तुमी सध्या कोन्त्या पदावर आहा?" बाबांनी विचारलं.

"पदावर नाही, म्हनून तं उभा आहो."

"मंग माह्यापाशी तुमच्यासाठी प्रार्थना नाही जी. निवडून या. पह्यल्याच रविवारी घेतो."

"तोवर कब्रस्तान राहीन का?"

"ते मले माहीत नाही."

शेठनं आवाज उतरवला. "तुमची मंडळी आहे न तिथी."

"आहे. तिले इचारलं तं ती बी हेच सांगन, अन् माह्यापेक्षा जोरानं सांगन."

शेठ गेले. मला राहवलं नाही. "एक नाव घेतलं असतं तं काय बिघडलं असतं, बाबा? भल्या कामासाठी."

बाबांनी माझ्याकडे, खिचडी करपली की बघायचे, तसं बघितलं. "देवानं बसवलं म्हनून सरकारले मान द्याचा. अन् त्यानंच बसवलं म्हनून त्याले खबर बी द्याची. पन कोनाले बसवाचं हे आपन त्याच्या कानात सांगाचं नाही. त्याच्यासाठी मत आहे. ते गुपचूप टाकाचं. आज मिलवाल्याचं नाव भिंतीसाठी घेतलं, तं उद्या दसाराम कायसाठी येईन? मंग ते चर्च नाही राहत, प्रचाराचा मंडप होते."

त्या रविवारी कडुनिंबाखाली उभं राहायला जागा नव्हती. शेजाऱ्याला कोपरानं ढोसत प्रत्येक जण एकच विचारत होता: बाबा आज काय बोलतात? दसारामजी आले होते, बैलाशिवाय. ते खिडकीशी थांबले नाहीत. दरवाज्यातून आत गेले आणि मागच्या, हवालदाराच्या बाकावर बसले. ख्रिस्ती घरांची मतं त्यांनाही पाहिजे होती. मी काही त्यांना संत ठरवत नाही.

दिल्ली आणि मुंबई त्या दिवशी झटपट आटोपली. तालुकाही. मग बाबा म्हणाले:

"हे प्रभो, दसारामजी आज आत येऊन बसला आहे. आमी इतकी वर्सं बस मांगली, त्यानं उन्हातान्हाच्या चकरा मारून आनली. त्याचे उपकार आहेत. आता गाडीले वळाले जागा पायजे. ते ठरवनं तू त्याच्या हातात देल्लं. त्यानं ठरवलं ते आमी मानू."

सिस्टरबाईंना जोराचा खोकला आला. बाबा तो थांबेपर्यंत थांबले.

"त्या जागेत कोन आहे ते तुले ठाऊक आहे, मी सांगत नाही. जागा बी मांगत नाही. दसारामले फक्त एक दे. सांजच्या वेळी रस्त्यावर उभं राहून दोन्ही बाजूले पाहाची नजर दे. एका बाजूले तं त्यानं पाह्यलंच आहे."

आणि प्रार्थना तिथंच संपवली. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून खळं दिसत होतं, तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग घातलेलं. आतल्या-बाहेरच्या सगळ्यांनी तिकडे बघितलं. दसारामजींनी बघितलं नाही. ते नेहमीप्रमाणे प्रवचनाआधी उठून गेले. लाइनमन आणि मी, दोघंही त्या दिवशी प्रार्थनेविना राहिलो.

संध्याकाळी मी तलावावरून परतत होतो. बाबा स्टुलावर बसून पेपर वाचत होते. रस्त्याच्या मधोमध दसारामजी उभे होते, हात मागे बांधून. कधी या बाजूला बघत, कधी त्या. बाबांनी मान वर केली नाही. फक्त वाचनाचा आवाज किंचित वाढवला. साखरेच्या भावाची बातमी होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडतो तर दसारामजी दारात. "गाडी माह्या खळ्यावर वळन. साहेबाले कळवा."

"भाऊ मानतील?"

"नाही मानत."

"मंग?"

"मंग काय. मले झोप पायजे."

भाऊ खरंच मानले नाहीत. गाडी आली, पहिल्या दिवशी खळ्यावर वळली, तणस उडवत. बाबा कोट घालून रस्त्याकडेला उभे राहिले आणि त्यांनी गाडीला नमस्कार केला. ड्रायव्हरला वाटलं प्रवासी आहे, म्हणून त्यानं ब्रेक मारला. बाबा म्हणाले, "जा जी, मले कुठी जाचं नाही." भावांनी मात्र दसारामजींच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. आणि दसारामजींचा वॉर्ड म्हणजे जवळजवळ त्यांची भावकीच. मतदानाच्या दिवशी बाबा सकाळी सगळ्यांत आधी रांगेत होते. कोणाला मत दिलं ते त्यांनी संध्याकाळी बायकोलाही सांगितलं नसावं. दसारामजी पडले. शेठ निवडून आले. ख्रिस्ती घरांनी त्यांना मतं दिली की नाही, यावर गावात अजून वाद आहे.

मग पंचांची सभा झाली आणि शेठ सरपंच झाले. कार्यालयात हार, गुलाल, पेढे. दसारामजींना कार्यालयाची किल्ली सोपवायची होती, म्हणून तेही आले आणि भिंतीशी उभे राहिले. त्यांच्या मिशीवर कोणीतरी चुकून गुलाल उडवला, तो त्यांनी पुसला नाही.

बाबा कोटाची बटणं लावून दारात आले. खुर्ची अजून रिकामी होती. त्यांनी आधी तिला नमस्कार केला. शेठ खुर्चीत बसल्यावर पुढे होऊन विचारलं, "सांगा जी, तुमच्यासाठी कोन्ती प्रार्थना करू?"

महिन्याआधी याच प्रार्थनेसाठी भिंत बांधून देणारे शेठ खुर्चीत चुळबुळले. समोर मी, पंच, निम्मं गाव. "राहू द्या न, बाबा. कायले तरास घेता?"

"तरास नाही. रविवारपासून चालू होते," बाबा म्हणाले. "भिंतीपासून करतो."

लोक हसले. दसारामजींनी पुढे येऊन किल्ली टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून उचलला नाही. ते शेठकडे बघत नव्हते. बाबांकडे बघत होते. आणि तलावाच्या त्या पारीपर्यंत ऐकू जाईल अशा त्यांच्या आवाजात, भर सभेत, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"मंग आता माहं नाव देवाले कोन सांगन जी?"